पुस्तकातले चेहरे, पाड्यावरचा उजेड

चेहऱ्याचा फोटो कसा काढावा हे शिकवणारे कोणतेही सचित्र पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांवर एक गोष्ट हमखास दिसते. एकच माणूस, त्याच खुर्चीवर, त्याच कपड्यांत सहा-आठ वेळा बसलेला असतो. बदलतो तो फक्त दिवा. दिवा अगदी समोर असला की चेहरा सपाट दिसतो. बाजूला सरकला की अर्धा चेहरा अंधारात जातो. थोडा वर आणि तिरपा आला की नाकाची सावली गालावर उतरते आणि सावलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चेहऱ्यांवर असा उजेड असे, म्हणून या मांडणीला त्याचेच नाव पडले आहे. पुढच्या पानांवर दिवा जागच्या जागी राहतो आणि कॅमेरा मागे-पुढे होतो, मग हनुवटी वर-खाली होते, मग पाठीमागचा पडदा बदलतो. मजकूर थोडा, चित्रे भरपूर. शिकवण्याची ही रीत उत्तम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलली की तिचा परिणाम डोळ्यांना थेट कळतो, आणि शिकवायला समोर गुरू नसला तरी अडत नाही.

असे पुस्तक जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या एखाद्या मुलीच्या हाती पडले, तर तिला त्याचा किती उपयोग होईल? कॅमेरा आता खेड्यापाड्यांत दुर्मीळ राहिलेला नाही, तो मोबाइलमधून आला आहे. लग्नातले, हळदीतले, तारप्याच्या नाचातले फोटो आता पाड्यावरचीच पोरे काढतात. तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा नीट, शांत, ओळख पटेल असा एक फोटो शोधायला गेले तर बहुतेक घरांत आधार कार्डावरचा किंवा मतदार ओळखपत्रावरचा, डोळे विस्फारलेला चेहराच सापडतो. माणूस गेल्यावर तोच मोठा करून, चौकटीत बसवून, हार घालून भिंतीवर लावतात. आयुष्यभर राबलेल्या माणसाची मागे राहणारी खूण सरकारी कार्डावरून उचलावी लागते. हे बदलण्याजोगे आहे, आणि त्यासाठी पुस्तकाची मदत होऊ शकते, असे आमचे मत आहे. मात्र पुस्तक कोणाच्या चेहऱ्यावरून, कोणत्या घरात, कोणत्या आकाशाखाली तयार झाले हे शिकणाऱ्याने पानोपानी विचारले पाहिजे.

पुस्तकावरून अशी कला शिकता येते का, या शंकेला याच परिसराने शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिले आहे. मोखाड्याहून तोरंगणचा घाट चढून गेले की त्र्यंबकेश्वर लागते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म तिथला, ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ चालवला, छपाईचा व्यवसाय केला. चाळिशीत चित्रपटाने झपाटल्यावर भारतात शिकवणारे कोणी नव्हते. त्यांनी आधार घेतला तो इंग्रज चित्रपटकार सेसिल हेपवर्थ यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या, चलचित्रणाची बाराखडी शिकवणाऱ्या पुस्तकाचा. १९१२ मध्ये ते लंडनला गेले ते पुस्तक वाचून, मनात नेमके प्रश्न घेऊन. तिथे खुद्द हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेतला.

परतल्यावर फाळक्यांनी जे केले ते आजच्या शिकणाऱ्यासाठी सर्वांत मोलाचे आहे. त्यांनी लगेच हरिश्चंद्राची कथा हाती घेतली नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसवला आणि रोप उगवून वर चढेपर्यंत महिनाभर थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ हा तो लहानसा चित्रपट. कॅमेरा स्थिर, विषय एकच, बदलतो तो फक्त काळ. सचित्र पुस्तकातल्या त्या एकाच खुर्चीवरच्या माणसाची रीत त्यांनी स्वतःच्या हाताने करून पाहिली. मगच ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला. पुस्तक वाचणे, जाणकाराचे काम डोळ्यांनी पाहणे आणि न कंटाळणाऱ्या विषयावर हात बसवणे, हा त्यांचा क्रम होता. साखरशेतच्या मुलीला लंडनची वारी करायची गरज नाही, पण क्रम तोच ठेवावा लागेल.

आता पुस्तकाची पाने साखरशेतच्या अंगणात उघडून पाहू.

अंतराचे पान सर्वत्र लागू पडते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य टिपण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून चेहऱ्याने चौकट भरायची तर फोन तोंडाजवळ न्यावा लागतो. जवळ गेले की नाक कॅमेऱ्याच्या आणखी जवळ येते आणि कान मागे राहतात. नाक फुगते, कान आक्रसतात, कपाळ गोलसर होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचे गणित मांडले. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसते. स्वतःच्या नाकाबद्दल तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या वाढली म्हणून त्यांना हे गणित करावे लागले होते. उपाय सोपा आहे. पाच-सहा फूट मागे सरकायचे आणि फोनमध्ये दुप्पट जवळ आणणारी सोय असेल तर ती वापरायची, नसेल तर फोटो नंतर कापून घ्यायचा. चेहऱ्याचे प्रमाण अंतराने ठरते, भिंगाने नाही, ही गोष्ट अनेक वर्षे फोटो काढणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसते. साखरशेतमध्ये मागे सरकण्याचा आणखी एक फायदा आहे. म्हाताऱ्या बाईच्या तोंडासमोर फोन धरून उभे राहणे तिला अवघड वाटते. पाच-सहा फुटांवर अंगणात बसकण मारून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून बोलत राहिले की ती बोलते, आणि बोलणाऱ्या माणसाचा चेहरा त्याचा स्वतःचा असतो.

उजेडाच्या पानावर मात्र भाषांतर करावे लागते. पुस्तक सांगते, उत्तरेच्या खिडकीपाशी बसवा. हा सल्ला युरोपातला आहे. तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेकडे राहतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर मऊ, एकसारखा उजेड येतो. जव्हार साधारण २० अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य इथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर तो किंचित उत्तरेकडेच कललेला असतो. मेमधल्या दुपारी अंगणात उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा दिसतात आणि नाकाखाली सावलीची मिशी उगवते. या वेळेचा फोटो कोणाचाच चांगला येत नाही. जूनपासून पाऊस आला की चित्र पालटते. इथला पाऊस म्हणजे महिनोन्‌महिने ढगांनी झाकलेले आकाश. सूर्य ढगाआड गेला की सगळे आकाशच एक अजस्र दिवा होते. शहरातले फोटोग्राफर हजारो रुपयांची पांढरी छत्री लावून जो मऊ उजेड मिळवतात, तो जव्हार-मोखाड्यात आवणीच्या दिवसांत फुकट मिळतो. पुस्तकात पावसाळ्याचा उल्लेख असलाच तर कॅमेरा भिजू नये एवढाच असतो.

आणि खिडकीचे काय? कारवीच्या कुडाच्या, माती-शेणाने लिंपलेल्या घराला पुस्तकातल्यासारखी मोठी खिडकी नसते. असलाच तर एखादा झरोका असतो. उजेड येतो तो दारातून. दार ठेंगणे, वर छपराचा उतार पुढे आलेला, आत काळोख. पुस्तक वाचून निराश होण्यासारखी ही स्थिती वाटते, पण चेहऱ्याच्या फोटोसाठी याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. ती कशी, हे थोडे सविस्तर सांगायला हवे.

आजीला उंबऱ्याच्या आत, हातभर अंतरावर बसवा. तोंड दाराकडे, पण सरळ नाही, थोडे तिरपे. छपराचा उतार वरचा उजेड अडवतो, त्यामुळे डोळ्यांवर सावली पडत नाही. उजेड अंगणातून, समोरून आणि किंचित खालून येतो. सारवलेले अंगण थोडासा उजेड परतवते आणि हनुवटीखालची सावली हलकी होते. डोळ्याच्या बुबुळात दाराची चौकट लहानशी पांढरी होऊन उमटते. ती ठिणगी दिसली की चेहरा जिवंत वाटतो, नसली की डोळे विझल्यासारखे दिसतात. आजीच्या मागे घराचा काळोख आहे, म्हणजे वेगळ्या काळ्या पडद्याची गरज नाही. मडकी, दोरीवरची लुगडी, कणगी सगळे अंधारात विरते. आता आजीला आणखी हातभर मागे सरकवा. उजेड झपाट्याने कमी होतो, सावलीकडचा गाल बुडतो, सुरकुत्या खोल दिसू लागतात. पुन्हा पुढे आणा, तोंड फिरवून बाजूने दाराकडे करा. अर्धा चेहरा उजळतो, अर्धा लपतो. पुस्तकातले दिव्याचे सहा-आठ प्रकार एका दारात, एका बैठकीत करून पाहता येतात. फक्त इथे दिवा हलत नाही, माणूस हलतो. हे एकदा लक्षात आले की पुस्तक आणि पाडा यांच्यातले अंतर निम्म्याने कमी होते.

सर्वांत अवघड पान आहे ते त्वचेच्या रंगाचे, आणि बऱ्याच पुस्तकांत ते पान नसतेच. कॅमेरा उजेड मोजतो तेव्हा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. चौकटीत आकाश जास्त असले की तो सगळे गडद करतो आणि सावळ्या माणसाचा चेहरा काळा ठिक्कर पडतो. हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून सावळ्या चेहऱ्याला उजेड वाढवा असा ढोबळ सल्ला दिला जातो. पण आपल्या उंबऱ्यावरच्या फोटोत उलट घडते. मागे काळोख पुष्कळ, म्हणून कॅमेरा सगळेच उजळवायला जातो. आजीचा तांबूस काळा रंग राखाडी, धुरकट होतो आणि कपाळावरची चमक पांढरा डाग होऊन बसते. इथे उजेड कमी करायला हवा. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवायचे आणि उजेडाची पट्टी किंचित खाली ओढायची. किती, ते आजीचा हात शेजारी धरून पाहावे. फोनमधला हात आणि समोरचा हात एकाच रंगाचे दिसले की झाले. काळ्यासावळ्या चेहऱ्याला आकार येतो तो सावलीने नव्हे, त्यावरच्या चमकेने. गालाच्या हाडावर, कपाळाच्या कडेला, नाकाच्या दांडीवर उजेड जिथे चकाकतो तिथे चेहऱ्याची ठेवण कळते. म्हणून घाम पुसून, पावडर लावून बसा असे सांगणारे पुस्तक इथे बाजूला ठेवावे.

हा दोष एकट्या पुस्तकांचा नाही. फोटोचे रसायनच एका रंगाच्या चेहऱ्यावरून जुळवले गेले होते. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी छपाईच्या यंत्रांबरोबर एक नमुन्याचे कार्ड पाठवत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या बाईची कांती नीट छापली गेली की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डाचा इतिहास शोधून काढला. त्यातली एक गोष्ट मनाला लागते. गडद रंगांच्या छटा फिल्ममध्ये नीट उतरत नाहीत अशी तक्रार ज्यांच्यामुळे कंपनीने गांभीर्याने घेतली, त्यांत चॉकलेट बनवणारे आणि लाकडी फर्निचर विकणारे होते. काळ्या आया आपल्या मुलांच्या शाळेतल्या फोटोंबद्दल आधीपासून कुरकुरत होत्याच. वेगवेगळ्या वर्णांची माणसे त्या कार्डावर यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. आज फोनमधली गोरे करणारी फिल्टरे आणि फोटो ‘जरा उजळ’ करून देण्याची दुकानदारांची सवय ही त्याच परंपरेची शेपटे आहेत. शाळेच्या दाखल्यासाठी काढलेल्या फोटोत मुलीचा रंग दोन छटांनी उजळवून दिला, तर तो उपकार नाही. आपला चेहरा आहे तसा कागदावर चालत नाही, हे तिला कोवळ्या वयात शिकवणे आहे.

दुसरी वाट दाखवणारी माणसेही होऊन गेली आहेत. आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरात सेदू केइता नावाच्या तरुणाने १९४८ मध्ये स्टुडिओ थाटला. तो मूळचा सुतारकाम करणारा. १९३५ मध्ये चुलत्याने दिलेल्या साध्या कोडॅक ब्राउनी कॅमेऱ्यावर त्याने सुरुवात केली, आणि छपाई गावातल्या जाणत्या फोटोग्राफरांकडून शिकला. त्याच्या स्टुडिओचे छत म्हणजे आकाश होते. अंगणात भिंतीला नक्षीदार कापड लावून दिवसाच्या उजेडात तो लोकांना बसवी, आणि फिल्म महाग म्हणून बहुधा एकदाच बटण दाबी. लोक आपल्याला आवडेल तसे नटून येत. कोणाला घड्याळ दाखवायचे असे, कोणाला रेडिओ. केइताच्या फोटोंतला काळा रंग निव्वळ काळा नाही, त्यात शेकडो छटा आहेत. आज जगभरच्या संग्रहालयांत ते फोटो आहेत. साखरशेतमध्ये लागू पडेल असे पुस्तक कोणाला बनवायचे असेल, तर त्याने लंडन-न्यूयॉर्कच्या आधी बामाकोकडे पाहावे.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या इतिहासातही या विषयाचा एक अध्याय आहे, आणि तो अभिमानाचाही आहे, अस्वस्थ करणाराही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गातून तयार होऊन मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. कॅमेऱ्याचा शोध जाहीर होऊन पुरी वीस वर्षेही झाली नव्हती, तोवर इथली माणसे तो हाती घेऊन उभी होती.

पण त्याच काळात, त्याच सोसायटीच्या वर्तुळात दुसरेही एक काम चालले होते. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या जातीजमातींचा सचित्र ग्रंथ दोन खंडांत काढला, १८६३ आणि १८६६ मध्ये. स्टुडिओत किंवा अंगणात उभे करून माणसांचे फोटो घेतले गेले, मग त्यांच्या आकृती कापून वेगळ्याच देखाव्यावर चिकटवल्या गेल्या. माणूस एकीकडचा, पाठीमागचे देऊळ किंवा रस्ता दुसरीकडचा. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ आला. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. बहुतेक चेहऱ्यांखाली जात किंवा जमात लिहिलेली आहे, शेजारी त्या लोकांच्या स्वभावाबद्दल आणि राजनिष्ठेबद्दल शेरा आहे. माणसाचे नाव क्वचितच. हीसुद्धा एक प्रकारची मार्गदर्शक पुस्तकेच होती. गोऱ्या अधिकाऱ्याला प्रजा ओळखायला शिकवणारी. चेहरा पुरेपूर स्पष्ट असूनही माणूस हरवतो तो कसा, हे त्यांच्या पानांवर पाहायला मिळते.

जव्हार-मोखाड्याचा चेहरा उरलेल्या महाराष्ट्राला कोणत्या फोटोंतून ठाऊक आहे? १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली आणि हा डोंगराळ मुलूख एकाएकी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्यानंतरही, २०१६ पर्यंत आणि पुढे, असे प्रसंग पुन्हा पुन्हा आले. ते फोटो छापणे आवश्यक होते, सरकार हलले ते काही अंशी त्यांच्यामुळेच. पण तीस वर्षे एकाच प्रकारचा फोटो छापून आला की त्या प्रदेशाचा तोच चेहरा ठरतो. पावसाळ्यात दाभोसा धबधबा पाहायला येणारी मंडळी परतताना वाटेतल्या पोरांचे फोटो काढतात, तेही त्याच चौकटीत. पोर उघडे, नाक गळते, नजर वर. उभ्या माणसाने खाली बसलेल्या मुलाचा फोटो काढला की नजर वरच होणार. गुडघे टेकून काढला तर तेच पोर सरळ डोळ्यांत डोळे घालून पाहते. फोटोची ही सर्वांत साधी शिकवण आहे आणि तिच्यात माणसाला कसे वागवायचे तेही आले.

वारली चित्रांचा इथे विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी (१९३४ ते २०१८) ही चित्रे लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा चौक लिहिण्याचे काम बायकांचे होते. या चित्रांत माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल. चेहऱ्याला डोळे-नाक बहुधा नसतेच. माणूस ओळखायचा तो काय करतो आहे यावरून. नांगर धरलेला, ताडावर चढलेला, तारप्याभोवती फेर धरलेला. दुसऱ्या बाजूला बोहाडा आहे. मोखाडा-जव्हारकडे रात्र जागवून निघणाऱ्या या सोंगांत गणपती, नरसिंह, रावण, देवी यांचे मुखवटे चढवून माणसे नाचतात. मुखवट्याचा मान घराण्याकडे असतो आणि तो चढवल्यावर आतला माणूस गौण होतो. म्हणजे या मुलखाच्या दृश्यकलेत व्यक्तीचा चेहरा सुटा करून भिंतीवर टांगण्याची रीत नव्हती. फोटोने ती आणली.

यावरून कोणी म्हणेल की चेहऱ्याचे फोटो ही इथल्या लोकांवर लादलेली गोष्ट आहे. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या घरात दिवाळीनंतर निम्मी माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि आश्रमशाळेतले मूल महिनोन्‌महिने आईबापांना पाहत नाही, तिथे चेहऱ्याचा फोटो ही गरज आहे. लोकांनी ती कधीच ओळखली आहे. मात्र वारली चित्राकडून फोटो काढणाऱ्याने एक गोष्ट जरूर घ्यावी. माणूस त्याच्या कामात ओळखू येतो. पुस्तक सांगते, हात चौकटीबाहेर ठेवा, ते लक्ष वेधून घेतात. साखरशेतमध्ये हात चौकटीत हवेत. नागलीची भाकर थापणारे, कारवीचा कूड विणणारे, तारप्याच्या भोकांवर बोटे ठेवणारे हात हे त्या माणसाच्या चेहऱ्याचाच भाग आहेत.

तेव्हा करायचे काय? चेहऱ्याचा फोटो शिकवणारे एक सचित्र मराठी पुस्तक या भागातच तयार व्हावे, अशी आमची मागणी आहे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते, तिच्याकडे संग्रहालय आहे, छायाचित्रे आहेत, प्रकाशनाचा अनुभव आहे. जव्हारला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या हाताखाली आश्रमशाळा आहेत. या दोघांनी मनावर घेतले तर काम अवघड नाही. महागड्या कॅमेऱ्यांची गरज नाही, फोन पुरे. फोटो इथल्याच मुलामुलींनी काढावेत आणि पुस्तकातले चेहरे, दारे, अंगणे इथलीच असावीत. फाळक्यांच्या वाटाण्यासारखा एक पाठ सुरुवातीला ठेवावा. घरातले एक माणूस, एक दार, आणि सकाळ ते संध्याकाळ दर तासाला एक फोटो.

प्रत्येक फोटोखाली जमात लिहू नये. माणसाचे नाव त्याला चालत असेल तर नाव आणि पाडा लिहावा. त्याबरोबर महिना, वेळ, दाराची दिशा आणि माणूस उंबऱ्यापासून किती हात आत बसला होता, हे लिहावे. शिकणाऱ्याला भिंगाच्या आकड्यांपेक्षा हेच कामाला येते. चुकलेले फोटोही छापावेत, काय चुकले ते शेजारी सांगून. राखाडी पडलेला चेहरा आणि खरा चेहरा एका पानावर आले की फिल्टरविरुद्ध वेगळे भाषण द्यावे लागणार नाही.

ज्याचा फोटो काढला त्याला तो कागदावर मिळाला पाहिजे, ही अट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. गावात येऊन फोटो काढून गेलेले पुष्कळ, परत आणून देणारे थोडे. फोनमधला फोटो फोन बिघडला की जातो. पोस्टकार्डाएवढी छपाई तालुक्याच्या गावी दहा-वीस रुपयांत होते, तेवढा खर्च प्रकल्पात धरावा. इथल्या पावसात कुडाच्या भिंतीवर साधा कागद टिकत नाही, बुरशी धरतो, म्हणून फोटो प्लास्टिकचा थर देऊन द्यावा. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातले प्रत्येक पान त्या त्या माणसाला दाखवून होकार घ्यावा. शिकलेल्याने मोठ्याने वाचून दाखवावे, आणि नको म्हटले तर कारण न विचारता पान काढावे. कुटुंब वीटभट्टीवर गेलेले असेल तर पावसाआधी ते परतते. तोवर छपाई थांबवावी.